गरोदरपणात टेकडी चढू का, आणि बाळंतपणानंतर पुन्हा कधी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३१, पहिलीच खेप, १७ वा आठवडा चालू. गेली चार वर्षं रोज सकाळी हनुमान टेकडी आणि आठवड्यातून दोनदा जिम. डॉक्टर म्हणाल्या, "रिपोर्ट चांगले आहेत, झेपेल ते करा." सासूबाईंना वाटतं की जिनासुद्धा शक्यतो टाळावा. जुन्नरच्या आत्या बजावून गेल्या आहेत की रोज उकिडवं बसून फरशी पुसली नाही तर सीझर ठरलेलंच. जिममधला ट्रेनर सांगतो, घड्याळात ठोके १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय, बाळंतपणानंतर टेकडीवर परत कधी जाता येईल?

मी पुण्यात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबरच गेली. कोणता व्यायाम करू, असं तुम्ही विचारलंय, पण तुमचा खरा घोळ मला वेगळा दिसतो. "झेपेल ते करा" असं डॉक्टरांनी सांगितलं, पण झेपतंय की नाही हे ओळखायचं कसं, ते कुणी सांगितलंच नाही. मग ती जागा सासूबाई, आत्या आणि ट्रेनर आपापल्या परीने भरून काढतात. म्हणून आधी ओळखायचं कसं, ते सांगते.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. काही परिस्थितींत उत्तर सरळ "नाही" असं असतं. अठ्ठावीस आठवड्यांनंतरही वार (प्लॅसेंटा) खालीच राहिली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, अंगावरून रक्त जात असेल, बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जात असतील, आधी वेळेपूर्वी कळा सुरू झाल्या असतील, बाळाची वाढ कमी पडत असेल किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल, तर मी इथे लिहिलेलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या शब्दापेक्षा मोठं नाही. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही. पण हिमोग्लोबिनचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, आणि मी तो पहिल्यांदा विचारते. आपल्या देशात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघालं. चांगल्या घरातल्या, चांगलं खाणाऱ्या बायकांचंही कमी निघतं. आकडा ८-९ असेल आणि टेकडीच्या पहिल्याच वळणावर धाप लागत असेल, तर ती धाप स्टॅमिना कमी झाल्याची नाही. रक्त प्राणवायू पुरवायला कमी पडतंय. अशा वेळी जास्त चालून स्टॅमिना वाढवायला जाऊ नका. आधी लोहाच्या गोळ्या नियमित घ्या, आणि त्यांच्या आसपास चहा पिऊ नका.

आकडा ठीक असेल, तर टेकडी बंद करायचं आज तरी काही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, काही गुंतागुंत नसेल तर गरोदर आणि बाळंतीण बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी, असं म्हटलंय. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तुम्ही तर आजच त्यापेक्षा जास्त करता. याचा फायदा कुठे होतो? गरोदरपणातल्या मधुमेहाची शक्यता कमी होते, वजन बेसुमार वाढत नाही, कंबर कमी दुखते, झोप बरी लागते, मन ताळ्यावर राहतं. नॉर्मल डिलिव्हरीची खात्री मात्र कुठलाच व्यायाम देत नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण रोज व्यायाम करूनही सीझर झालेल्या कितीतरी बायका माझ्यासमोर रडल्या आहेत, जणू काही त्यांचंच काही चुकलं. बाळ कसं फिरलंय, त्याचे ठोके कळांमध्ये कसे राहतात, हे फरशीवर ठरत नाही आणि टेकडीवरही नाही.

आता १४० ठोक्यांचं. हा नियम ट्रेनरने मनाने काढलेला नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तशी मर्यादा घातली होती आणि १९९४ मध्ये ती काढूनही टाकली. पण नियम गेला तरी तो पाठ झालेली माणसं राहतात. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, बसल्या जागीच ठोके मिनिटाला दहा-वीसने जास्त पडतात. त्यामुळे आधीचा हिशोब आणि घड्याळाचा आकडा दोन्ही फसवे ठरतात. त्यापेक्षा बोलून बघा. चढताना बरोबरच्या मैत्रिणीशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं, तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांवर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर कमी करा. निवांत गाणं म्हणता येत असेल, तर थोडं वाढवायला हरकत नाही.

हे झालं चढतानाचं. पण खरं उत्तर शरीर दुसऱ्या दिवशी सकाळी देतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हे वहीत लिहायला लावते: संध्याकाळी पोट दगडासारखं घट्ट झालं का, रात्री कंबर किंवा जांघेच्या मधलं हाड दुखलं का, सकाळी पहिलं पाऊल टाकताना काल होतं तसंच अंग आहे की जड झालंय. तसंच असेल तर कालचं झेपलं. जड वाटलं, तर आज निम्मं करा. दोन दिवस विश्रांती घेऊनही दुखत राहिलं, तर दाखवा. कितव्या महिन्यात किती चालायचं याचा तक्ता मी देत नाही तो याचमुळे. एकाच सोसायटीतल्या, एकाच आठवड्यातल्या दोन बायकांचं माप वेगळं निघतं. जी चार वर्षं टेकडी चढत होती तिचं, आणि जिने गरोदर राहिल्यावर पहिल्यांदा बूट विकत घेतले तिचं, एक कसं असेल?

टेकडीची भीती मला चढण्यापेक्षा उतरताना वाटते. पाचवा-सहावा महिना लागला की पोटामुळे तोल पुढे सरकतो आणि स्वतःची पावलं दिसेनाशी होतात. त्यात आपल्या टेकड्यांवरचा मुरूम. उन्हाळ्यात तो पायाखाली गोट्यांसारखा सरकतो, पावसाळ्यात निसरडा होतो. पडण्याचा धोका खरा आहे, आणि पोटावर पडणं परवडणारं नाही. म्हणून विसाव्या-बाविसाव्या आठवड्यापर्यंत ओळखीच्या, रुंद वाटेने जा, एकटीने नको. पुढे सपाट जागा शोधा: सारसबाग, कमला नेहरू पार्क, नाहीतर सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्या. चढ हवाच असेल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या मुरमाच्या वाटेपेक्षा भरवशाच्या, मधे मधे थांबत, कठड्याच्या बाजूने. तुमचे शेवटचे महिने एप्रिल-मेमध्ये येत असतील तर सातच्या आत घरी. पोटातल्या बाळाला घाम येत नाही, त्याची उष्णता तुमच्यामार्फतच बाहेर पडते. पाण्याची बाटली बरोबर असू द्या.

सासूबाईंना काय सांगाल? त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वेळी पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी नव्हती, कोणाचं का गेलं हे कळत नसे आणि दोष जिन्यावर किंवा उचललेल्या बादलीवर यायचा. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातले बरेचसे गुणसूत्रांतल्या दोषामुळे पडतात, जिन्यामुळे नाही. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. माझ्या अनुभवात हा एकच उपाय चालतो. सुनेने समजावून सांगितलेलं पोचत नाही.

आत्यांचं निम्मं बरोबर आहे. उकिडवं बसल्यावर खालच्या बाजूने कटीची वाट मोकळी होते, आणि फरशी पुसताना हात-गुडघ्यांवर आलं की पोटाचा भार पाठीवरून उतरतो, कंबरेला बरं वाटतं. पण आत्या लहानपणापासून उकिडव्या बसत आल्या. भाकरी, भांडी, निंदणी, सगळं तसंच बसून. तुम्ही खुर्चीवर वाढलात. आठव्या महिन्यात एकदम अर्धा तास उकिडवं बसून फरशी पुसायला लागलात, तर गुडघे आणि जांघेचं हाड आधी बोलेल. आत्तापासून सुरुवात करा. खिडकीचे गज किंवा पलंगाचा काठ धरून, टाचा टेकवून, अर्धा मिनिट, दिवसातून पाच-सहा वेळा. टाचा टेकत नसतील तर खाली घडी केलेली सतरंजी घ्या. वार खाली असेल, मूळव्याधीचा त्रास असेल किंवा चालताना जांघेच्या मधोमध कळ येत असेल, तर उकिडवं बसू नका. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं चालेल.

जिम सोडू नका, पण काय करता ते बदला. खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा मागे ओढणं. बाळ उचलायला पाठ आणि दंडच लागणार आहेत. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उचलता उचलता सोडायचा. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर सपाट झोपून बराच वेळ काही करू नका, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि काही जणींना भोवळ येते. तसं झालं तर घाबरू नका, डाव्या कुशीवर वळा. पोटावर मधोमध होडीच्या तळासारखा उंचवटा येतो असा कोणताही व्यायाम बंद. योग करायचा असेल तर लोड, खुर्ची, दोर यांचा आधार घेऊन करायची पद्धत पुण्यात अय्यंगार परंपरेत चांगली रुजलेली आहे. फक्त गरोदर बायकांना शिकवायचा अनुभव असलेली शिक्षिका बघा.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणारच, ते म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, सगळ्याचा भार त्यांच्यावर. बाळंतपणानंतर साधारण तीनपैकी एका बाईला शिंकताना-खोकताना लघवीचे थेंब जातात, आणि "बाई म्हटल्यावर हे चालायचंच" असं म्हणून त्या वर्षानुवर्षं गप्प बसतात. साठीच्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार तीस वर्षांची जुनी असते. ती बऱ्याच अंशी टाळता येते, म्हणून आत्ताच शिका. गॅस अडवल्यासारखं मागचं आणि लघवी थांबवल्यासारखं पुढचं, दोन्ही आत आणि वर ओढा. पाच-सहा सेकंद धरा, आणि मग पूर्ण सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. खरोखर लघवी करताना मधे थांबवून सराव करू नका. सोडणं हे ओढण्याइतकंच शिका, कारण बाळ बाहेर येताना हे स्नायू सैल सोडता यायला हवेत.

अचानक थांबून फोन करायचा, ते कधी? रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक अंतराने कळा यायला लागल्या, छातीत दुखलं, भोवळ आली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली. यात "संध्याकाळपर्यंत बघू" नको.

आता बाळंतपणानंतरचं. इथे मला आपल्या पद्धतीबद्दल थोडं मनापासून बोलायचंय. सव्वा महिना बाळंतिणीला जपायची आपली रीत मला आवडते. गरम जेवण, डिंक-अळिवाचे लाडू, मालीश, माहेरची माणसं. जगात कितीतरी बायकांना हे मिळत नाही. पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली, जपणं म्हणजे पडून राहणं असा अर्थ होतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून खोलीतल्या खोलीत चालणं आणि पलंगावर पावलं वर-खाली करणं गरजेचं आहे. दुसरी उणीव मोठी. सव्वा महिन्यापर्यंत बाईला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत, आणि त्यानंतर तिच्यासाठी काहीच ठरलेलं नसतं. ती सासरी येते आणि बादली, कुकर, बाळ, जिने, सगळं एका आठवड्यात अंगावर घेते. माझ्याकडे येणारी कंबरदुखी बहुतेक या आठवड्यात सुरू झालेली असते.

माझंच सांगते. माझं सीझर झालं तेव्हा मी फिजिओथेरपिस्ट होते आणि तरी दुसऱ्या दिवशी सरळ पोटाच्या जोरावर उठायला गेले. टाक्यांवर जी कळ आली ती अजून आठवते. कुशीवर वळून, पाय पलंगाखाली सोडून, हातावर जोर देऊन उठायचं, हे मला त्या वॉर्डात कुणी सांगितलं नाही आणि ऐन वेळी मलाही सुचलं नाही. म्हणून आता माझ्याकडच्या प्रत्येकीकडून आठव्या महिन्यातच तसं उठण्याचा सराव करून घेते. नॉर्मल होवो की सीझर, लागतोच.

मालीश खुशाल घ्या. सीझर असेल तर पोट सोडून, निदान सहा आठवडे. "पोट जागेवर बसवते" म्हणून दाबणाऱ्या बाईला नको म्हणा. गर्भाशय आपलं आपण साधारण सहा आठवड्यांत जागेवर जातं. पट्ट्याने उठता-बसताना आधार वाटतो, तेवढ्यापुरता वापरा. दिवसभर करकचून बांधल्याने पोट आत जात नाही, उलट खालच्या झोळीवर दाब वाढतो. बंद खोलीत शेगडीचा धूर नको, बाळाच्या छातीला तो झेपत नाही. व्यायामाने दूध आटतं किंवा आंबट होतं, असं सांगणारी एखादी भेटेलच. मध्यम व्यायामाने असं काही होत नाही. फक्त पाजून मग निघा, म्हणजे छाती जड वाटणार नाही.

कधी काय करायचं, हे लक्षात ठेवायची माझी एक साधी युक्ती आहे. बाळाचं लसीकरण सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतं. ते कार्ड घरात सगळ्यांच्या लक्षात असतं. त्याच तारखा स्वतःसाठीही धरा. त्या दिवशी बाळाचं वजन करतात, डोकं मोजतात, आणि आईला कुणी काही विचारत नाही. तेव्हा तुम्हीच विचारा.

सहा आठवड्यांना: टाके, रक्तस्राव, बीपी, हिमोग्लोबिन दाखवा. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंमध्ये पडलेली फट बघून घ्या. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला, आणि बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील किंवा उंचवटा येत असेल तर उठाबशांच्या नादी लागू नका. त्याचे वेगळे व्यायाम असतात. शेवटच्या आठवड्यांत ही फट जवळपास सगळ्याच बायकांना पडते, बऱ्याच जणींची आपोआप भरते. सीझरनंतर पोटाच्या आतल्या जाड पडद्याची ताकद सहा आठवड्यांत जेमतेम निम्मी परत आलेली असते. बाहेरचा टाका सुकला म्हणजे आतलं जुळलं असं नाही. तोपर्यंत बाळाहून जड काही उचलू नका. सपाट चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून रोज थोडं वाढवा.

दहा आठवड्यांना: पुन्हा खुर्चीवरची उठ-बस, भिंतीचे दंड, रबरी पट्टा. अर्धा तास सलग चालणं. दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वही परत उघडा, फक्त प्रश्न बदला. खाली जडपणा वाटला का, थेंब गेले का, लालसर रक्त परत सुरू झालं का? झालं तर एक पायरी मागे या.

चौदा आठवड्यांना: टेकडी. पळणं-उड्या बारा आठवड्यांच्या आत नकोतच, आणि त्यानंतरही आधी परीक्षा घ्या. अर्धा तास चालून काही त्रास नाही, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं, एका पायावर दहा उड्या मारून एक थेंबही जात नाही, तर निघायला हरकत नाही. सीझर असेल किंवा खोल फाटून टाके पडले असतील तर अजून महिना द्या. बाळ रात्रभर झोपू देत नसेल तर तारखा पुढे सरकतील, त्यात काही बिघडत नाही. आणि दोन आठवडे सलग मन उदास असेल, रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर ते टेकडीवर जाऊन जाईल म्हणून थांबू नका, डॉक्टरांना सांगा.

पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरूनच परत या. बाळाला झोळीत बांधून नेऊ नका. घरी कुणाकडे तरी ठेवा, कारण चढताना-उतरताना तुम्हाला दोन्ही हात मोकळे लागतील. चार वर्षांची सवय पायांना आठवत असेल, पण झोळीसारखे ते स्नायू पहिल्यांदाच उतार उतरत असतील. आजच्या रिपोर्टमधला हिमोग्लोबिनचा आकडा मात्र मला कळवा, बाकीचं त्यावरून ठरवू.